मेसेजला गाव विचारणाऱ्या बाई

परवा सकाळी आमच्या रेणापूरच्या बाई वारल्या. म्हणजे फोनवर वारल्या. खऱ्या वारल्या की नाही, ते दुपारी बारा वाजल्याशिवाय कळणार नव्हतं. बाराच का, ते पुढं येईलच. आधी सकाळचं सांगते.

मी भाकरी थापत होते. आमचे हे बाहेरच्या खोलीतून फोन घेऊन आले. तोंड असं उतरलेलं, की मला वाटलं यांना कुणीतरी ग्रुपमधून काढून टाकलं.

"अगं, बाई गेल्या की आपल्या."

"कुठं गेल्या?"

"कुठं म्हणजे? वर!"

तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली. फोन हातात घेतला. बाईंचाच फोटो. भोवती झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना समया, आणि खाली मजकूर: 'देगलूर येथे अनेक वर्षे सेवा केलेल्या, शांत व मितभाषी स्वभावाच्या, विद्यार्थीप्रिय शिक्षिकेचे रेणापूर येथे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.'

शांत व मितभाषी वाचून मला खुदकन हसू आलं. मग माझी मलाच लाज वाटली.

"कोनाकून आलं हे?" मी विचारलं.

"सगळ्या ग्रुपांवर हाय."

"ग्रुपवर कोनाकून आलं?"

"आता माणूस मेल्यावर बी पंचनामा करायचा का?" हे चिडले. "मी तर पुढं धाडून बी दिलं. लोकांना कळाय नको?"

मी लगेच बाईंना फोन लावला. बंद. दुसरं कुणी असतं तर तिथंच पदर डोळ्याला लावला असता. पण बाईंचा फोन सकाळी बंद असणं यात काहीच नवीन नाही. बाई दुपारी बारापर्यंत फोन बंद करून पोह्यांच्या डब्यात ठेवायच्या. आमच्याकडं वरच्या खोलीत भाड्यानं राहत होत्या तेव्हापासूनची सवय. म्हणायच्या, "सकाळी आपलं डोकं ताजं असतंय काकू. ते दुसऱ्याला वापराय कशाला द्यायचं?" तेव्हा फोन बंद याचा अर्थ बाई गेल्या असाही होत होता, आणि बाई मजेत चहा पीत बसल्यात असाही होत होता.

मी ठरवलं, रडायचं ते बारानंतर. भाकऱ्या आवरल्या आणि घड्याळासमोर जाऊन बसले. तेवढ्या वेळात जे जे आठवलं ते हे.

बाई मूळच्या रेणापूरच्या. आमच्या देगलूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला आल्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "स्थळाला गाव विचारलं, ते पळूनच गेलं," म्हणून मोकळ्या. अंगावर इरकली साडी, खाली पोरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पर्समध्ये एक भलंमोठं भिंग. आवाज तर असा, की त्या नववीच्या वर्गात शिकवायच्या आणि शेजारच्या आठवीचा भूगोल आपोआप पक्का व्हायचा. वर खोलीत त्या स्वतःशी बोलल्या तरी मी खालून "काय म्हणलाव?" विचारायची.

खोली बघायला आल्या त्या दिवशी मी चहा केला. कपाला तोंड लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "काकू, दूध कोन्या गावचं?" मला राग आला. वाटलं, दुधाला नावं ठेवती का काय ही बाई! पण मग कळलं, त्या सगळ्यालाच गाव विचारतात. वांग्याला, झाडूला, वर्तमानपत्रातल्या बातमीला. एकदा माझ्या तापाला विचारलं, "कोन्या गावाहून आणलाव?" आणि खरंच, मी मुक्रमाबादच्या लग्नाला जाऊन आले होते.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं किराणाच्या पुड्या सोडून, त्यावरचं वाचून. त्यामुळं छापलेलं म्हणजे खरं, असं माझं पक्कं होतं. बाईंनी ते पहिल्या महिन्यातच मोडलं. म्हणाल्या, "आमच्या वडलांकडं सोयरिकीला पाव्हणं आलं, की आधी तांब्या. मग गाव विचारायचं. मग मामाचं कूळ. मग मधला माणूस कोण ते. हे सगळं झाल्याबिगर सोयरिकीचा शब्द काढायचा न्हाई. आन आता? फोनमधून दिवसभर पाव्हणं येलालंय, एकाला बी कुणी गाव विचारत न्हाई. आलं की दे पोरगी! आलं की दे पोरगी!"

पोरगी देणं म्हणजे मेसेज खरा मानून पुढं धाडणं. हा त्यांचा शब्द आमच्या गल्लीत इतका रुजला, की आजही आमची शेजारीण म्हणते, "मी वाचलं, पण पोरगी दिली न्हाई." नवीन माणूस दचकून बघतो.

मामाचं कूळ म्हणजे काय, तेही त्यांनी समजावलं होतं. हे खरं मानलं तर कुणाचं भलं होतंय, कोण आतून खूश होतंय, ते बघायचं. तो मामा. "मामा सापडला की भाचा ओळखाय येतोय," असं म्हणून त्या स्वतःच मोठ्यानं हसायच्या.

शाळेत तर त्यांचा निराळाच कारभार. रोजच्या तासात त्या एक खोटं घालायच्या. 'आजचं खोटं' म्हणायची पोरं त्याला. तास संपायच्या आत जो ओळखेल त्याला शाळेमागच्या झाडाची चिंच. नियम कडक होता. तासात खोटं एकच. कमी नाही, जास्त नाही. "एक खोटं घातलं तर पोरं जागी राहतेत, दोन घातली की ती थापेबाजी झाली," म्हणायच्या. एकदा वर्गात गंभीर तोंड करून सांगितलं, मांजरा नदीला मांजरा म्हणतात कारण पूर्वी तिच्या काठची मांजरं पोहून पल्याड जायची. सगळ्या वर्गानं वहीत उतरवून घेतलं. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली, "बाई, आमच्या मांजराला पाण्याचा थेंब चालत न्हाई. चिंच द्या."

पालकांना हे कसं झेपावं? मोंढ्यातले एक व्यापारी तरातरा शाळेत आले. मी डबा द्यायला गेले होते म्हणून माझ्या कानांनी ऐकलं.

"म्याडम, पोरांना खोटं शिकवलालाव म्हणं तुम्ही!"

"खोटं न्हाई, खोटं धरायला."

"तेच तर बेजार हाय! रात्री जेवताना माझ्या तोंडाकडं बघतंय आन विचारतंय, बाबा, आजचं खोटं कोन्तं?"

"मग?"

"मग काय! नेमकं धरतंय की!"

हेडमास्तर खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांचंही एक प्रकरण ताजं होतं. झालं असं, बाईंनी आमच्या म्हशीचा फोटो काढला, शाळेच्या गच्चीचा काढला, आणि फोनवर बोटांनी काय खटपट केली कुणास ठाऊक, म्हैस गच्चीवर उभी! शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, खाली एक शब्द: 'लवकर'. हेडमास्तर हातात कासरा घेऊन जिना चढले. मागं दोन शिपाई, त्यांच्यामागं गणिताचे सर. वर कुणी नाही. खाली वाकून बघतात तर अंगणात बाई आणि सगळा नववीचा वर्ग वर बघत उभा.

"म्हैस खरी," बाई वर्गाला सांगत होत्या, आणि गच्चीवरच्यांनाही चांगलं ऐकू येत होतं. "गच्ची बी खरी. आन म्हैस गच्चीवर हे खोटं. खऱ्या तुकड्यांचं शिवलेलं खोटं सगळ्यात टिकाऊ असतंय, ध्यानात ठेवा. उतरा सर, तास सुरू करायचाय."

वर्तमानपत्र त्या खालून वर वाचायच्या. जाहिरात आली की भिंग काढायच्या आणि तळाची बारीक अक्षरं आधी वाचायच्या. "मोठ्या अक्षरात बोलतेत ते त्यांच्या सोयीचं. खरं बोलणं मुंग्यांच्या अक्षरात लपवतेत." फोनवरचा फोटो मोठा करून बघायला त्यांनीच मला शिकवलं. "चिमटीनं ताणा काकू. घाबरू नका, फाटत न्हाई. पापड लाटल्यासारखं चहूकडून बघा." मी ताणायला शिकले, आणि जवळच्या एका पाहुणीनं धाडलेल्या नव्या घराच्या फोटोत दारावर दुसऱ्याचंच नाव वाचलं. ते असो.

आता यांच्याबद्दल बोलल्याशिवाय बाईंचं चित्र पुरं व्हायचं नाही. आमचे हे म्हणजे बाईंचं सगळ्यात अवघड पोर. यांना आलेला मेसेज यांच्याकडं थांबतच नाही. एकदा आला, की आज दुपारी सूर्यातून असली किरणं येणार आहेत की फोन फुटतील, फोन धान्यात पुरून ठेवा. मी दिवसभर ऐकतेय, कोठीघरात कुणीतरी गुणगुणतंय. शोधत शोधत गेले तर ज्वारीचं पोतं वाजत होतं.

बाईंनी पोत्याशेजारी स्टूल घेतलं. "काका, हा पाव्हणा कोन्या गावचा?"

"अमेरिकेचा हाय. तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितलंय."

"अमेरिकेत ज्वारीची पोती असतेत व्हय घरोघर?"

यांनी पोत्यातून फोन काढला, पुसून खिशात टाकला. पण सुधारले नाहीत.

यांना एका गोष्टीचा फार अभिमान. तेलुगू येतं, याचा. आमचं गाव तेलंगणाच्या काठाला, यांची उभी हयात मदनूरच्या मिरचीवाल्यांबरोबर गेली. 'एंत' म्हणजे केवढ्याला, 'रा' म्हणजे ये, 'पो' म्हणजे जा. एवढ्यावर यांनी अख्खी गल्ली दबवून ठेवली होती. कुणाकडं तेलुगू चिठ्ठी-चपाटी आली, फोन आला, की "काकांना विचारा." आणि काका मान हलवून अर्थ सांगायचे. तो बरोबर की चूक, सांगणार कोण?

आमची लेक मदनूरला दिलेली. विहीणबाई तेलुगूच. स्वभावानं गोड, पण नातीच्या बारशात आहेराच्या साडीच्या रंगावरून काहीतरी बोलणं झालं आणि व्याह्या-विहिणींचं बोलणं बंद पडलं. बंद म्हणजे समोरासमोर बंद. दोन्ही घरांचा मिळून जो ग्रुप होता त्यात विहीणबाई बोलून बोलून निरोप टाकायच्या, आणि हे ते कान देऊन ऐकायचे. उत्तर द्यायचं नाही, असा मान.

एका आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी असाच निरोप आला. विहीणबाई रडत रडत बोलत होत्या. यांनी फोन कानाला लावून दोनदा ऐकला आणि ताडकन उठले. मी न्हाणीत होते, मला यातलं काहीच माहीत नाही. यांनी त्याचं मराठी केलं: 'मदनूरला लहान मुलीला पोत्यात घालून नेलं. सावध राहा.' आणि दिली पोरगी. सगळ्या ग्रुपांना.

दिवस कलायच्या सुमाराला मी आणि बाई भाजीला निघालो. तोवर त्या मेसेजला पाय फुटून चार गल्ल्या फिरून झालं होतं. एका मुलीच्या दहा झाल्या होत्या, टोळी आली होती, टोळीत बाया होत्या. बाजाराच्या वळणावर गर्दीचं कडं दिसलं. मी टाचा उंचावून बघितलं.

मधे एक बाई होती. जुन्या कपड्यावर भांडी देणारी बोहारीण. तिच्या काखेत मोठं बोचकं. एकानं दंडाला धरलं होतं, दुसरा बोचकं ओढत होता, आणि ती सोडत नव्हती. त्यात तिची सगळी स्टीलची भांडी, कशी सोडेल?

"पोत्यात काय हाय? दाव!"

"सोडत न्हाई म्हणजे हायच काहीतरी!"

"असलीच टोळी फिरलालीय. फोनवर आलंय!"

ती बोचकं पोटाशी आवळून धरत होती. मागच्या बाजूला एका माणसानं वाकून पायातली चप्पल काढून हातात घेतली. तेवढं मी बघितलं, आणि शेजारी बघते तर बाई नाहीत.

बाई कड्यात शिरल्या होत्या. आणि मग तो आवाज आला.

"सगळे खाली बसा!"

खोटं वाटेल, पण निम्मा बाजार खाली बसला. बसणार नाही तर काय, निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेले. कुणी भाजीच्या पिशवीसकट बसलं, कुणी चिखलात बसलं. उरलेले उभे होते त्यांनाही अवघडल्यासारखं झालं. दंड धरून उभा असलेला पोरगा तर सवयीनं हाताची घडी घालून बसला, त्यामुळं दंड आपोआप सुटला.

बाईंनी चहाच्या टपरीवरून पाण्याचा गिलास उचलला आणि बोहारणीच्या हातात दिला. "पाणी घ्या ताई. दमानं." मग गर्दीकडं वळल्या. "पाणी दिलं. आता गाव विचारू."

"हां, विचारा तिला!" मागून कुणीतरी.

"तिला न्हाई रे. याला." बाईंनी हाताची घडी घातलेल्या त्या पोराच्या खिशातला फोन काढून उंच धरला. "हा पाव्हणा तुझ्याकडं कोनाकून आला?"

"मेव्हण्याकून, बाई."

"लाव फोन. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

मेव्हणा म्हणाला, पानवाल्याकडून. पानवाला समोरच होता, तो म्हणाला, शिलाईवाल्याकडून. शिलाईवाल्याला लावला. तो म्हणाला, "मला काकांकून आलं की, तुमच्या घरमालकांकून."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. बाईंनी नंबर लावला, आणि गर्दीच्या मागच्या रांगेतून रेल्वेची शिट्टी वाजली. ती आमच्या ह्यांच्या फोनची. हे छत्री काठीसारखी धरून, टोळी पकडायला आले होते.

"काका, पुढं या," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कोनाकून?"

"विहीणबाईकून. त्यांनी स्वतः सांगितलंय. तेलुगूत."

"लावा फोन."

"आमचं बोलणं न्हाई."

"आज हुईल."

"अहो पण बारशाच्या टायमाला त्यांनी..."

"काका!"

यांनी लावला. पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, तोही काही कमी नाही. "अय्यो! व्याही का? आज फोन कसा काय केले ओ? साडीचं मनातून गेलं का?"

अख्ख्या बाजारानं साडीचं ऐकलं. हे खोकले. "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं ती पोरगी... पोत्यात घालून..."

"पोरगी? कोन पोरगी?"

"तुम्हीच म्हणलाव ना. पिल्ल. पिल्ल संचीत घालून नेले म्हणून."

मग विहीणबाई अशा ओरडल्या की फोन यांच्या हातातून सुटायचा राहिला. "अय्यो देवा! पिल्ल न्हाई ओ, पिल्ली! पिल्ली! म्यांव म्यांव! दूध पिऊ लागली म्हणून आमच्या माणसानं संचीत घातलं आन नदीपल्याड सोडून आले की! मी सकाळपासून जेवले न्हाई. म्यांव, म्यांव!"

तेलुगूत संची म्हणजे पोतं, पिल्ल म्हणजे पोरगी, आणि पिल्ली म्हणजे मांजर. एका वेलांटीचा फरक. तेवढी वेलांटी यांना मिरचीच्या बाजारात कुणी शिकवली नव्हती.

आधी एक पोरगं फिसकन हसलं. मग कड्याचं कडं हसलं. ज्यानं चप्पल हातात घेतली होती त्यानं ती हळूच खाली टाकली आणि पाय घातला, जशी काय सहज निघाली होती.

एकटी बोहारीण हसली नाही. बोचक्याची गाठ पुन्हा आवळत होती. बाई तिच्याजवळ बसल्या. आता तिला विचारलं, "कोन्या गावच्या, ताई?"

"मुखेडच्या."

"आधी का न्हाई सांगितलाव यांना?"

"बोचकं सोड म्हनले सगळे," ती म्हणाली. "गाव कुनी इचारलंच न्हाई."

त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

मी तिला हाताला धरून घरी आणलं, जेवू घातलं, आणि ह्यांच्या सगळ्या जुन्या पँटी काढून दिल्या. दोन बऱ्यातल्या होत्या, त्याही दिल्या. ती फुकट घेईना. बदल्यात पिठाची चाळण ठेवून गेली. अजून माझ्याकडं आहे.

पण बाईंचं काम संपलं नव्हतं. त्यांनी यांना खुर्चीवर बसवलं, फोन समोर धरला. "ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं परत धाडायचं. तुमच्याच आवाजात. म्हणा, मला तेलुगू येत न्हाई."

यांच्या तोंडातून ते वाक्य निघेना. "मला तेलुगू थोडं..." म्हणायचे, थांबायचे. "मला तेलुगू पूर्वीसारखं..." बाई मान हलवायच्या, पुन्हा घ्यायला लावायच्या. शेवटी मी आतून ओरडले, "म्हणून टाका की ओ एकदाचं, मला तर लग्नापासून ठाऊक हाय!" तेव्हा निघालं.

"आता शेवटी म्यांव म्हणा," बाई म्हणाल्या.

"म्यांव कशाला?"

"खोटं पळतंय काका, खऱ्याला कुणी उचलून घेतल्याबिगर ते जागचं हालत न्हाई. नुसती चूक झाली म्हणलाव तर कोन पुढं धाडंल? म्यांव म्हणा. उचलून नेतील."

हे म्यांव म्हणाले. आणि तो निरोप पार उदगीर, बिलोलीपर्यंत गेला. खोट्याच्या पुढं गेला. कितीतरी दिवस हे बाजारात निघाले की टपऱ्यांवरून म्यांव यायचं. विहीणबाईंशी बोलणं मात्र सुरू झालं ते झालंच. मांजर तर चौथ्या दिवशी आपल्या पायांनी परत आली होती. पोहून आली की पुलावरून, ते बाईंनी विहीणबाईंना फोन करून मुद्दाम विचारून घेतलं. पुलावरून.

पुढं बाई निवृत्त होऊन रेणापूरला गेल्या. जाताना भिंग मला दिलं. "मला नवं घेता येईल, तुमच्या घरात काका हायत," म्हणाल्या.

तर, घड्याळात पावणेबारा झाले होते. माझ्या एकदम ध्यानात आलं, मी एवढा वेळ नुसती बसलेय, मेसेज नीट बघितलाच नाही. फोन घेतला. चिमटीनं ताणला. हार ताणला, समया ताणल्या. डाव्या समईच्या बुडाशी काळपट रेघ दिसली. भिंग आणलं. रेघ नव्हती ती, मुंग्यांची अक्षरं होती.

'या मजकुरात एक खोटं आहे. ओळखणाऱ्यास चिंच.'

मी जागच्या जागी उडाले. बाईच! दुसरं कोण लिहील हे? ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

खोटं एकच. बाईंचा नियम. एक म्हणजे एकच. आणि एक खोटं तर मला सकाळीच सापडलं होतं: शांत व मितभाषी. त्याच्याएवढं मोठं खोटं देगलुरात कुणी छापलं नसेल. मग ते जर आजचं खोटं असेल, तर बाकीचं सगळं... बाईंचा काय भरवसा! जाता जाता स्वतःच्या मरणाचा मजकूरही स्वतःच लिहून ठेवतील, आणि त्यात पोरांसाठी चिंच ठेवून जातील.

बाराचे टोले पडायला लागले तसा नंबर लावला. वाजला. म्हणजे पोह्यांच्या डब्यातून बाहेर काढलाय कुणीतरी. पण कुणी? वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. मी मनातल्या मनात बाईंना नाही नाही ते बोलले. मग खट् झालं.

"कोन्या गावच्या?"

डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू एकदमच.

"देगलूरची," मी कसंबसं म्हणाले. "बाई, मेलाव का काय तुम्ही?"

"मेल्यावर फोन उचलतेत व्हय काकू?"

"नियम मोडलाव तुम्ही! दोन खोटी हायती त्यात!"

"दोन? मेल्याचं एक. दुसरं कोन्तं?"

"शांत व मितभाषी!"

"ते खरं हाय!" बाई अशा गरजल्या की फोन हातभर लांब धरावा लागला.

मग सगळं कळलं. रेणापूरच्या शाळेत पालक-शिक्षकांची सभा होती, बाईंना फोनवरच्या खोट्या मेसेजांबद्दल चार शब्द बोलायला बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, नुसतं बोलून कोण ऐकतंय, दाखवलंच पाहिजे. "सकाळपासून लोक हार घेऊन येलालेत, काकू. मीच दार उघडलालेय, मीच चहा करलालेय. एक तर मला बघून चहा बी न पिता पळाला. पण फोन करून गाव विचारणाऱ्या तुम्हीच. चिंच धाडते."

"एवढ्या सगळ्यांना कधी धाडलाव तुम्ही?"

"सगळ्यांना? मी कशाला धाडू?" बाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "भाच्याच्या फोनवरून एकाच माणसाला धाडलं. त्यांना धाडलं की गावाला वेगळं धाडावं लागत न्हाई."

मी मान वळवली. हे आरशासमोर उभे होते. पांढरा सदरा, केस चापून बसवलेले, रेणापूरची गाडी धरायची तयारी. ओठांतल्या ओठांत शोकसभेचं भाषण घोकणं चाललं होतं: "बाई अत्यंत शांत..."

मी फोन बाजूला धरला, यांच्या डोळ्यांत बघितलं आणि एकच शब्द बोलले.

"म्यांव."